पाचगणीचा विद्यार्थी आणि चार तासांचं चित्र

श्रोतेहो, गाणं ही कानानं घ्यायची वस्तू आहे, असं आम्ही नभोवाणीवाले मोठ्या अभिमानानं सांगत आलो आहोत. पण खेड्यातला जाणता माणूस हे सहजासहजी कबूल करायचा नाही. जत्रेत गवळण उभी राहिली की मागची मंडळी माना उंचावतात, ती काय उगीच? कीर्तनकारानं अभंगाचं एक चरण उचललं आणि झांज वाजवणाऱ्याकडे नुसतं वळून पाहिलं, तर त्या पाहण्यातही अर्धा अभंग असतो. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान् पिढ्या हेच करीत आले. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची रंगीत चित्रं, त्यांची एक पोथी, एकेक चित्र पुढं धरायचं आणि त्यावर गाऊन कथा सांगायची. आणखी एक उदाहरण कल्याणचं. १८९२ च्या सुमारास महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी काचेवर चित्रं रंगवून, दिव्याच्या यंत्रानं ती पडद्यावर पाडून, गाण्या-संवादासह त्यांचे खेळ केले. ‘शांबरिक खरोलिका’ असं भारदस्त नाव त्यांनी त्या खेळाला दिलं होतं. सिनेमा अजून मुंबईत यायचा होता.

तेव्हा गाण्याला चित्राची जोड ही काही परमुलखातून आलेली चूष नव्हे. नवी गोष्ट निराळीच होती. चित्र दाखवायचं, पण ते विकायचं नाही. विकायचं गाणं, आणि चित्र फुकट. ही व्यापारी अक्कल अमेरिकेतली. १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये दोन प्रकाशकांनी हरवलेल्या पोराचं एक गाणं छापलं, आणि नाटकगृहात काचेवरची चित्रं पडद्यावर पाडून त्याबरोबर ते गाऊन घेतलं. लोकांनी पाहिलं, डोळे पुसले आणि गाण्याचे छापील कागद धडाधड विकत घेतले. पुढं १९४० नंतर तिथल्या हॉटेलांतून कपाटाएवढी यंत्रं आली. नाणं टाकलं की तीन मिनिटांचं गाणारं चित्र दिसे.

आपल्याकडे व्यवहार बरोबर उलटा होता. आपल्याकडे गाणंच बोलपटाची जाहिरात करी. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. असे बोलपट पाहायला लोक गाड्या जुंपून गेले, ते गाणी तोंडात घेऊन परतले, आणि त्यांच्या तोंडून ती ऐकून पुढच्या आठवड्याला शेजारचा गाव निघाला. थिएटरच्या दारात गाण्यांची चोपडी मिळे, तीही तेच काम करी. हे जाहिरातीचं अंग इतकं उघड होतं की त्यावरून आकाशवाणीतच मोठा तंटा झाला. १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले पुण्याचे गृहस्थ. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा. सरकारी नभोवाणीवर सिनेमाचं नाव घेणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून फक्त गायकाचं नाव सांगायचं, असं ठरलं. निर्माते रुसले, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगी काढून घेतली. श्रोत्यांनी काय केलं? त्यांनी खटका फिरवला आणि सिलोन लावलं. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू झाली, तेव्हा कुठं मंडळी घरी परतली. केसकरांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण गाणं कुणाच्या कानावर पडावं हे कचेरीत बसून ठरवता येतं, हा त्यांचा विश्वास मात्र खरा ठरला नाही. हीच गोष्ट वीस वर्षांनी लंडनमध्ये घडली, आणि तिच्या मधोमध उभा असलेला माणूस आपल्या सातारा जिल्ह्यात शिकलेला होता.

राहू बेटातून, म्हणजे भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या आपल्या ऊसपट्ट्यातून सकाळी निघालं, तर पुण्यावरून, खंबाटकीचा घाट चढून, सुरूर फाट्याला वळून दुपारपर्यंत वाई येते. वाईच्या पुढं पसरणीचा घाट. घाटाच्या पायथ्याला पसरणी गाव आहे; शाहीर साबळे १९२३ साली जन्मले ते इथं. आणि घाट चढून गेलं की पाचगणी. साहेबाच्या अमदानीत थंड हवेसाठी वसवलेलं, समुद्रसपाटीपासून चार हजारांहून अधिक फूट उंच, निवासी शाळांचं गाव. एकाच घाटाच्या खालीवर दोन आवाज वाढावेत, एक डफावर आणि एक पियानोवर, आणि दोघांची गाठ पडण्याचा काही संबंधच नसावा, याचं मला नेहमी नवल वाटतं.

वरचा आवाज फारूख बलसारा या पारशी मुलाचा. बलसारा म्हणजे मूळचे गुजरातेतल्या बुलसारचे, आपण ज्याला आता वलसाड म्हणतो तिथले. वडील झांजीबार बेटावर इंग्रज सरकारच्या कोर्टात रोखपाल होते. लवंगांचं बेट म्हणून ज्याची कीर्ती, तेच हे झांजीबार. ५ सप्टेंबर १९४६ ला मुलगा तिथंच जन्मला. आठ वर्षांचा झाल्यावर त्याला बोटीनं मुंबईला धाडलं आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. आठ वर्षांचं पोर, आणि आई-बाप समुद्रापलीकडे! सुट्टी लागली तरी दरवेळी घरी जाणं शक्य नसे.

शिक्षकमंडळींनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन ऐकावा. या मुलाला सुरांचा कान आहे, हे शाळेच्या मुख्याध्यापकांच्या ध्यानात आलं. त्यांनी पालकांना पत्र लिहिलं, की थोडी जादा फी भरलीत तर याला संगीताची वेगळी शिकवणी देता येईल. पालकांनी होकार कळवला. मुलगा पियानोच्या परीक्षा देऊ लागला, प्रार्थनेत गाऊ लागला, नाटकांत उभा राहू लागला. मुष्टियुद्ध आणि टेबल-टेनिसही खेळे. १९५८ साली, बारा वर्षांचा असताना, वर्गमित्रांबरोबर त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यमेळ उभा केला. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतून रॉक अँड रोल नावाचं धांगडधिंग्याचं गाणं आलं होतं, ते ही पोरं शाळेच्या समारंभात वाजवीत; केसांना तेल चोपडून, गळ्यात टाय बांधून. आता गंमत ऐका. या मेळात फारूख मुख्य गायक नव्हता. मुख्य गाणं दुसराच मुलगा म्हणे; हा पियानोवर बसायचा आणि मागून साथ करायचा. मित्र त्याला फ्रेडी म्हणत, आणि तेच नाव पुढं जगाच्या तोंडी बसलं: फ्रेडी मर्क्युरी.

१९६३ मध्ये तो झांजीबारला परतला. पुढच्याच वर्षी, १९६४ च्या जानेवारीत, तिथं क्रांती झाली, रक्तपात झाला. बलसारा कुटुंबानं जे हाती लागलं ते घेऊन इंग्लंड गाठलं आणि लंडनजवळच्या फेल्टम गावात बिऱ्हाड केलं. फ्रेडी चित्रकलेच्या महाविद्यालयात गेला आणि १९६९ मध्ये तिथली पदविका घेऊन बाहेर पडला. हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येणार आहे. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याचा ‘क्वीन’ नावाचा वाद्यमेळ सुरू झाला, १९७१ मध्ये जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौकडी पुरी झाली. मेळाचं बोधचिन्ह फ्रेडीनं स्वतः काढलं; चौघांच्या राशी घेऊन.

आता ते गाणं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्याचं नाव. शब्द आणि चाल फ्रेडीची. १९७५ च्या ऑगस्टअखेर वेल्स प्रांतातल्या एका शेतवाडीवरच्या ध्वनिमुद्रण-गृहात काम सुरू झालं. गाण्याला धड ध्रुपद नाही. आरंभी संथ विलाप, मग मध्येच पाश्चात्त्य संगीत-नाटकासारखा कोलाहल, मग खणखणीत रॉक, आणि शेवटी पुन्हा शांत. मधल्या कोलाहलात पन्नास-शंभर माणसं गात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात आवाज तिघांचेच. तेच तिघं पुन्हा पुन्हा गायले, आणि एका फितीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशी मुद्रणं चढवीत गेले. तीन टाळकऱ्यांनी अख्खी दिंडी उभी करावी तसं. चुंबकीय फितीवरचा तपकिरी लेप असतो, तो यंत्रातून वारंवार फिरून इतका झिजला, की फीत उजेडाला धरली तर पलीकडचं दिसे.

गाणं भरलं पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. तबकडी काढणारी कंपनी म्हणाली, एवढं लांबलचक गाणं नभोवाणी केंद्रं वाजवायची नाहीत, कापा. फ्रेडी म्हणाला, एक सेकंदही कापणार नाही. इथं केनी एव्हरेट नावाच्या निवेदकाचं नाव घ्यायला हवं. तो लंडनच्या कॅपिटल रेडिओवर होता आणि फ्रेडीचा मित्र होता. त्याला तबकडीची प्रत दिली ती वाजवायची नाही या बोलीवर. त्यानं आधी थोडा तुकडा वाजवला, मग आणखी थोडा, मग सबंध. दोन दिवसांत चौदा वेळा. सोमवारी लोक दुकानात तबकडी मागायला उभे, आणि तबकडी अजून बाजारात आलेली नाही! ती आली ३१ ऑक्टोबर १९७५ ला. तेव्हा नभोवाणीनं गाणं अडवलं असं कुणी म्हणालं, तर नभोवाणीच्याच एका माणसानं ते दार उघडलं, हेही सांगावं.

खरी अडचण पुढंच होती. बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर ‘टॉप ऑफ द पॉप्स’ नावाचा साप्ताहिक कार्यक्रम होता. जी गाणी खपत, त्यांचे गायक तिथं येऊन गायल्यासारखं करीत. ‘क्वीन’चा दौरा तर १४ नोव्हेंबरपासून लिव्हरपूल शहरातून सुरू व्हायचा होता. शिवाय मधल्या भागात चौघंजण उभे राहून शंभर आवाजांचे ओठ हलवणार कसे? खेळात तरी ते हा भाग कधी गायलेच नाहीत. तेवढ्यापुरते रंगमंचावरून आत जात आणि फीत वाजे. मग ठरलं, की आपण जाण्याऐवजी आपलं चित्र पाठवावं.

अशी चित्रं पूर्वी कुणी केली नव्हती असं नाही. १९६५ मध्ये बॉब डिलन या अमेरिकन कवी-गायकानं लंडनमधल्या एका हॉटेलामागच्या बोळात उभं राहून, गाण्यातले शब्द लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी एकेक करून खाली टाकली होती. पहिलीच्या वर्गातले गुरुजी शब्दपट्ट्या दाखवतात ना, तसं. बीटल्स मंडळींनीही १९६६-६७ मध्ये जागोजाग जायला नको म्हणून चित्रं करून पाठवली होती. खुद्द ‘क्वीन’नं १९७३ मध्ये आपल्या दोन गाण्यांची चित्रं घेतली होती. त्यांचं कुणी फारसं नाव काढलं नाही.

१० नोव्हेंबर १९७५ ला एल्स्ट्री इथल्या स्टुडिओत, जिथं दौऱ्याची तालीम चालली होती तिथंच, ब्रूस गोअर्स नावाच्या दिग्दर्शकानं कॅमेरे लावले. चित्रण सुमारे चार तासांत उरकलं. खर्च साडेचार हजार पौंड. त्या वेळच्या हिशेबानं ऐंशी हजार रुपयांच्या आसपास. सिनेमाची फिल्म वापरली नाही. फिल्म धुवावी लागते, दिवस जातात. दूरचित्रवाणीची चुंबकीय फीत वापरली. घेतलं की लगेच पाहता येतं.

सुरुवातीला काळोख, आणि काळोखात चार चेहरे, चौकटच्या एक्क्यासारखे मांडलेले. फ्रेडीचे हात छातीवर दुमडलेले. ही मांडणी त्या दिवशी सुचलेली नव्हती. १९७४ मध्ये मिक रॉक या छायाचित्रकारानं ‘क्वीन’च्या दुसऱ्या तबकडीच्या वेष्टनासाठी असाच फोटो घेतला होता, आणि त्याच्यामागं आणखी जुना फोटो होता: मार्लिन डीट्रिच या नटीचा, १९३२ च्या ‘शांघाय एक्स्प्रेस’ या बोलपटातला. चित्रकलेच्या शाळेत शिकलेल्या माणसाचा डोळा असा मागची पानं चाळत असतो. मी म्हटलं होतं, ध्यानात ठेवा म्हणून.

पुढं कोलाहलाच्या भागात एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात. यात प्रयोगशाळेतली कुठलीही जादू नाही. कॅमेऱ्याच्या तोंडाला पैलूदार काच बसवली होती. झुंबराच्या लोलकातून दिवा पाहिला तर एकाचे दहा दिसतात, तितकंच. आणि एका ठिकाणी शब्दाचा पडसाद उमटत जातो, तसा चेहराही मागं मागं एकात एक लांबत जातो. त्यासाठी कॅमेरा सरळ त्याच्याच पडद्याकडे वळवला. न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर दोन आरसे असतात, त्यांत आपली रांग लागते की नाही? तोच न्याय. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना हे वर्गात सहज करून दाखवता येईल; दोन आरसे आणि एक मेणबत्ती पुरे.

मला या चित्रात आवडतं ते हे, की चित्रानं गाण्याला कथा चिकटवली नाही. गाण्यात एक तरुण खून केल्याचं आईला सांगतो. पण चित्रात ना आई, ना पिस्तूल. जिथं आवाज एकाचे अनेक होतात, तिथं चेहरेही होतात. जिथं पडसाद येतो, तिथं पडसादच दिसतो. चित्रकथी पोथीचं पान नेमक्या शब्दावर उलटतो, त्याच्या जवळची ही रीत. पुढं ज्यांनी लाखो रुपये ओतून गाण्यांची चित्रं केली, त्यांतल्या बऱ्याच जणांना ही साधी गोष्ट उमगली नाही.

२० नोव्हेंबरला चित्र दाखवलं गेलं. २९ नोव्हेंबरला गाणं इंग्लंडातल्या खपाच्या यादीत पहिलं आलं आणि नऊ आठवडे तिथंच राहिलं. मंडळी गावोगाव फिरत होती आणि त्याच वेळी त्यांचे चेहरे घरोघरच्या पडद्यावर होते. यजमानाला न जाता आहेर पोचवता यावा, तशी ही सोय इतर कंपन्यांच्या लगेच लक्षात आली.

आपल्याकडे त्याच वर्षी काय चाललं होतं? १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले जात होते. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, शाळेतल्या मुलांसाठी विज्ञान. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या पुणे जिल्ह्यात आर्वीला उपग्रहाशी बोलणारं केंद्र १९७१ पासून होतं, मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीपासून होतं आणि पुण्याला १९७३ पासून ते दिसू लागलं होतं. पण बेटातल्या वस्तीवर चित्र पोचायला अजून वर्षं जायची होती. त्याआधी १९५६ मध्ये पुणे केंद्रानं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची नभोवाणी मंडळं भरवली होती. कार्यक्रम ऐकायचा, मग तिथंच बसून चर्चा करायची आणि शंका केंद्राला लिहून पाठवायच्या. चित्र नव्हतं, पण ऐकणाऱ्याला उलट बोलता येत होतं. पडद्यावरच्या चार चेहऱ्यांना तसं काही विचारायची सोय नव्हती, हा फरक मला थोडाथोडका वाटत नाही.

अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ ला गाण्यांची चित्रं अहोरात्र दाखवणारी एम.टी.व्ही. वाहिनी सुरू झाली. पहिलंच गाणं लावलं, त्याच्या नावाचा अर्थ काय, तर चित्रानं रेडिओवरच्या कलावंताचा जीव घेतला! आम्ही नभोवाणीवाल्यांनी यावर काय बोलावं? आम्ही अजून बोलतो आहोत, एवढं खरं. इतकं मात्र झालं, की त्यानंतर गळा चांगला असून भागेना. चेहरा, कपडे, नाच, सगळंच लागू लागलं. पाचगणीच्या मेळात मागं बसून साथ करणारा मुलगा पुढं आला तो गळ्याच्या जोरावर. अठराव्या वर्षी त्याची निवड चेहऱ्यावरून करायची असती, तर वरचे दात पुढं आलेल्या त्या निर्वासित पोराला कुणी उभं केलं असतं की नाही, मला शंका आहे. आणि गंमत अशी, की ज्याच्या चित्रानं ही रीत पक्की केली तो हाच.

पाचगणीबद्दल, झांजीबारबद्दल तो लोकांत फार बोलत नसे. चेहरा साऱ्या जगाला ठाऊक, आणि नाव मात्र स्वतः घेतलेलं. ३० मे १९९१ ला त्यानं शेवटच्या चित्रासाठी कॅमेऱ्यापुढं उभं राहून गायलं. एड्सनं शरीर पार खंगलं होतं. चित्र मुद्दाम काळंपांढरं ठेवलं, म्हणजे रंग उतरलेला कळू नये. हातवारे नाहीत, येरझारा नाहीत. २४ नोव्हेंबर १९९१ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला, आणि त्याचे अंत्यविधी पारशी दस्तुरांनी पार पाडले.

त्या डिसेंबरात ते जुनं गाणं आणि हे शेवटचं गाणं एकाच तबकडीवर पुन्हा काढलं गेलं. ती पुन्हा खपाच्या यादीत पहिली आली, पाच आठवडे राहिली, आणि तिचं उत्पन्न इंग्लंडातल्या एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या संस्थेला देण्यात आलं.